वर्कशॉपला किती टनाचा एसी? आधी वर पत्र्याकडे बघा

होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणतो आणि नाशिकमध्ये ते बहुतेक वर्षी खरं ठरतं. मार्च अर्धा सरला की उष्णतेच्या इशाऱ्यांच्या बातम्या येऊ लागतात. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेलं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असलं, की हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो. हे तापमान सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकावर मोजलेलं असतं. अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याखाली दुपारी दोन वाजता ग्राइंडर धरून उभ्या असलेल्या माणसाला जे सोसावं लागतं, ते त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून दर उन्हाळ्यात एकच प्रश्न कानावर येतो: "शेड ६०० फुटांची आहे, किती टनाचा एसी लागेल?" दुकानदार उत्तर देतो, कारण त्याला एसी विकायचा असतो. पण प्रश्नच उलट्या टोकाने विचारलेला आहे. टनाचा आकडा तुमच्या छपरावर ठरतो. छप्पर दुरुस्त न करता घेतलेलं कोणतंही यंत्र, मग तो एसी असो, कूलर असो वा थंडीतला हीटर, जन्मभर त्या पत्र्याशी झगडत राहतं आणि त्या झगड्याचं बिल मालक भरतो.

उष्णता नेमकी येते कुठून?

उदाहरणासाठी एक शेड धरू. २० बाय ३० फूट, सरासरी उंची १४ फूट, वर साधा पत्रा, पुढे रोलिंग शटर. आपल्याकडे अशा शेडमध्ये कुठे लेथ-ड्रिलिंगचं जॉबवर्क चालतं, कुठे चारचाकीचं गॅरेज, कुठे फॅब्रिकेशन, कुठे फर्निचर. हे छप्पर साधारण ५५ चौरस मीटर भरतं. मे महिन्यात निरभ्र आकाशातून भर दुपारी दर चौरस मीटरवर ९०० ते १,००० वॉटचं ऊन पडतं. म्हणजे एवढ्याशा छपरावर ५० किलोवॉट.

ते सगळं आत येत नाही. काही ऊन परत फेकलं जातं, बरीच उष्णता वारा घेऊन जातो. पण धूळ बसलेला, काळवंडलेला जुना पत्रा सहज ६० अंशांच्या पुढे तापतो आणि मग खालच्या बाजूनेही उष्णता सोडू लागतो. ही उष्णता हवेतून येत नाही, थेट किरणांनी येते. पंखा जोरात चालू असतानाही डोक्याचा माथा आणि खांदे भाजल्यासारखे वाटतात ते यामुळेच. वारा किरणांना अडवत नाही. ढोबळ हिशेब मांडला तर असा पत्रा खालच्या माणसांवर आणि मशिनांवर आठ ते दहा किलोवॉट उष्णता ओततो.

आता टन म्हणजे काय ते एकदा सांगून ठेवतो. एसीचा १ टन म्हणजे खोलीतून साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. म्हणजे नुसत्या छपराच्या किरणांसाठीच अडीच-तीन टन गेले. अजून पश्चिमेची तापलेली भिंत, उघडं शटर, माणसं आणि मशिनं बाकीच आहेत. पाच एचपीची मोटर पूर्ण भारावर चालली की सव्वाचार किलोवॉटच्या आसपास वीज खाते, आणि ती जवळजवळ सगळी शेवटी शेडमध्येच उष्णता होऊन उरते. म्हणजे आणखी सव्वा टन. नुकतीच रस्त्यावरून आलेली गाडी आत घेतली तर तिचं तापलेलं इंजिन वेगळंच. असं करत करत या शेडचा हिशेब सहा टनांच्या पुढे जातो.

एवढे टन बसवले तरी आराम मिळेलच असं नाही. आपल्या शरीराला जाणवणारं तापमान हे हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग या दोन्हींच्या साधारण सरासरीचं असतं. एसीने हवा २८ अंशांवर आणली, पण छप्पर, भिंती आणि जमीन मिळून सरासरी ४२ अंशांवर असतील, तर अंगाला ३५ चंच वाटतं. "एसी लावला पण थंड वाटत नाही" ही तक्रार पत्र्याच्या शेडमधून इतकी का येते, त्याचं कारण हे आहे. एसी बिघडलेला नसतो.

छपराचा बंदोबस्त: स्वस्तापासून सुरुवात

पहिला उपाय पांढरा रंग. बाहेरून लावायचा उष्णता परावर्तक पांढरा रंग नवा असताना तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त ऊन परत पाठवतो. पत्रा तापलाच नाही तर खाली किरणं सोडणार कशी? साधा चुना गुळगुळीत पत्र्यावर धड टिकत नाही आणि पहिल्या पावसात उतरतो, म्हणून पत्र्यासाठी बनवलेलाच रंग घ्यावा. गंजलेला भाग घासून, प्रायमर मारून मगच हात द्यायचा. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: एमआयडीसीत धूळ आणि काजळी बसते, त्यामुळे दोन उन्हाळ्यांत पांढरं छप्पर राखाडी होतं आणि त्याचा गुण ओसरतो. दर फेब्रुवारीत एकदा पाण्याने धुऊन घ्यावं.

हा उपाय फार साधा वाटतो म्हणून लोक त्याला मनावर घेत नाहीत. पण तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी राज्याचं स्वतंत्र धोरणच आणलं, आणि आपल्या जुन्या कारखाने कायद्याच्या, म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या १३ व्या कलमातसुद्धा कामाची जागा थंड ठेवण्याचे मार्ग म्हणून छपराला पांढरं करणं, दुहेरी छप्पर घालणं आणि उष्णतारोधक थर देणं यांचा उल्लेख होता. तेव्हा हे काही जुगाड नाही.

दुसरा उपाय पत्र्याच्या खाली थर देण्याचा. इथे काम काय चालतं ते आधी बघा. वेल्डिंग, गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग असेल तर थर्माकोल आणि प्लास्टिकच्या बुडबुड्यांची चंदेरी शीट वापरू नका. ठिणगी लागली की ती पेटते आणि वितळून खाली टपकते. तिथे रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) घ्यायची, खालून फॉइल आणि जाळी मारून. सुतारकामात किंवा नुसत्या असेंब्लीच्या शेडमध्ये चंदेरी शीट चालते, पण तिच्या चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर हवेची पोकळी हवी. पत्र्याला चिकटवून टाकली तर त्या बाजूच्या चकाकीचा उपयोग उरत नाही.

तिसरा उपाय, नवी शेड बांधत असाल तर, थेट पफचा पत्रा. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले हे पॅनेल नाशिककरांना नवे नाहीत. द्राक्षांची कोल्ड स्टोरेज त्याचीच उभी आहेत. ५० मिलिमीटरचं पॅनेल साध्या पत्र्याच्या तुलनेत आत येणारी उष्णता दहा पटींहून जास्त कमी करतं. सुरुवातीला पैसे जास्त जातात, पण तीच शेड हिवाळ्यात पहाटेच्या दवानेही टपकत नाही. या मुद्द्याकडे पुढे येतो.

घराच्या आरसीसी गच्चीखाली गॅरेज असेल तर गणित थोडं बदलतं. स्लॅब हळू तापतो आणि हळू निवतो, त्यामुळे दुपारी बरं वाटतं आणि संध्याकाळी सहा-सात वाजता खोली भट्टी होते. तिथे गच्चीवर पांढरा रंग किंवा पांढरे फरशीचे तुकडे बसवणं आणि रात्रीची थंड हवा आत खेळवणं एवढ्यानेच पुष्कळ काम भागतं.

"छपरावर फिरते भोपळे बसवलेत की!"

हे भोपळे म्हणजे टर्बो व्हेंटिलेटर, आणि ती चांगली गोष्ट आहे. छपराच्या टोकाशी साठलेली गरम हवा ते विजेशिवाय बाहेर काढतात. पण पत्र्याची किरणं त्यांना थांबवता येत नाहीत, आणि खालून हवा आत यायला वाट नसेल तर ते नुसते वाऱ्यावर गरगरतात, आतली हवा हलत नाही. शटर बंद, खिडक्या रॅकच्या मागे दडलेल्या आणि वर चार भोपळे फिरतायत, अशा शेडमध्ये उकाडा तसाच राहतो. खालच्या बाजूला, शक्यतो उत्तरेच्या किंवा सावलीच्या भिंतीला, जाळीच्या खिडक्या ठेवा.

पंख्याचीही मर्यादा लक्षात असू द्या. हवा ३५-३६ अंशांपर्यंत असेल तोवर पंखा खरोखर गारवा देतो, त्यापुढे फक्त घाम वाळवतो. ४० अंशांच्या वर पंखा अंगावर गरम हवाच मारतो, म्हणून तेव्हा त्याच्यावर विसंबू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भर मे महिन्यात "पंखा आहे ना" म्हणून कामगाराला भट्टीपाशी उभं करणं धोक्याचं आहे.

माठ जे करतो ते कूलर करतो

नाशिकच्या उन्हाळ्याचं एक मोठं वरदान आहे: तो कोरडा असतो. माठातलं पाणी का गार होतं? मातीतून पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता शोषून घेतं. हवा जेवढी कोरडी, तेवढं पाणी भराभर वाळतं आणि माठ जास्त गार. कूलर हेच करतो, फक्त तो पाण्याऐवजी हवा गार करून आपल्याकडे ढकलतो.

हवा किती गार होऊ शकते याला निसर्गाने घातलेली सीमा आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा दिसतो, ती ही सीमा. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धरली तर हा आकडा साधारण २२ अंश येतो. चांगल्या पॅडचा कूलर त्या वाटेचं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे ४० ची हवा २६ अंशांवर आणून देतो. आपल्या शेडसाठी लागेल एवढ्या मोठ्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून विजेचा भार अर्ध्या किलोवॉटच्या आसपास असतो. आठ तासांचे चार युनिट. त्याच उघड्याबोडक्या शेडला सहा टनांचे एसी लावले तर त्याच आठ तासांत पन्नासच्या आसपास युनिट जातात.

मुंबईचा पाहुणा येतो आणि "कूलरचा काही उपयोग नसतो" असं सांगून जातो. त्याच्या गावी ते खरं आहे, कारण समुद्राकाठच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही. सह्याद्रीच्या या बाजूला मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत गणित वेगळं आहे.

कूलर किती मोठा, आणि पाणी किती?

कूलरची क्षमता तो तासाला किती घनमीटर हवा देतो यावर मोजतात. वर्कशॉपसाठी साधा नियम असा की शेडमधली सगळी हवा तासाला २० ते ३० वेळा बदलायला हवी. आपली शेड ८,४०० घनफूट, म्हणजे जवळजवळ २४० घनमीटर. २५ ने गुणलं की तासाला ६,००० घनमीटर. हा आकडा घेऊन दुकानात जा. टाकी किती लिटरची आहे यावर कूलर मोठा की लहान ठरवू नका. टाकी मोठी असली म्हणजे हवा जास्त मिळते असं नाही.

दोन अटी मात्र पाळायलाच हव्यात. कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे, म्हणून तो खिडकीत किंवा भिंतीबाहेर सावलीत बसवायचा. आणि आत जेवढी हवा येते तेवढीच समोरच्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. कूलर शेडच्या मधोमध ठेवून शटर ओढून घेतलं तर तासाभरात आत चिकचिक होते, आणि मग लोक कूलरलाच नावं ठेवतात.

मोठ्या शेडमध्ये सगळी हवा गार करण्यापेक्षा माणूस जिथे उभा राहतो तिथे हवा पोचवणं शहाणपणाचं. डक्ट कूलर बाहेर बसवून पाइप आत घ्यायचा आणि प्रत्येक मशिनपाशी, वर्कबेंचपाशी एक तोंड काढायचं. कच्च्या मालाच्या रॅकला गारवा देण्यात काही अर्थ नाही.

आता पाण्याचं. ६,००० घनमीटरचा कूलर ऐन दुपारी तासाला ३५ ते ४० लिटर पाणी वाळवतो. सकाळ-संध्याकाळ कमी लागतं, तरी दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर धरून चाला. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी हा हिशेब आधीच करावा. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर क्षारांचे पांढरे थर बसतात आणि हवा अडते. पाणी वाळतं पण क्षार टाकीतच राहून घट्ट होत जातात, म्हणून रोज थोडं जुनं पाणी सोडून द्यावं लागतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची आणि कोरडी होऊ द्यायची. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

"पण मशिनला गंज चढेल त्याचं काय?"

ही शंका रास्त आहे. कूलरच्या तोंडातून निघणारी हवा बरीच ओली असते. मात्र शेडमधल्या गरम हवेत मिसळून ती पुन्हा थोडी कोरडी होते. लोखंडावर गंजाचा जोर साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या पुढे वाढतो. हवा बाहेर पडायला वाट ठेवली असेल तर उन्हाळ्यात माणसांच्या वावराच्या भागात आपण सहसा त्याच्या खालीच राहतो. कूलरचा झोत थेट लेथच्या बेडवर किंवा मोजमापाच्या साधनांवर सोडू नका, संध्याकाळी काम संपताना पंप अर्धा तास आधी बंद करून नुसता पंखा चालू द्या, आणि उघड्या पृष्ठभागांवर तेलाचा हात फिरवा. गंजाचा खरा ऋतू पावसाळा आहे, उन्हाळा नव्हे.

वेल्डिंगवाल्यांची अडचण निराळी आहे. को-टू (कार्बन डायऑक्साइड) किंवा आर्गन वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूवर वायूचं पांघरूण असतं. ताशी सात-आठ किलोमीटरच्या पुढचा वारा ते पांघरूण उडवून देतो आणि जोडात बारीक भोकं पडतात. वरून रंग दिला की ती दिसत नाहीत, पण जोड कच्चा राहतो. म्हणून इथे झोत वेल्डरच्या पाठीवर, कमी वेगाने, जॉबपासून (जोडायच्या तुकड्यापासून) बाजूला वळवलेला हवा, किंवा जॉबभोवती पडदे हवेत. साध्या रॉडच्या वेल्डिंगला वाऱ्याचा त्रास कमी होतो. धूर काढणारा एक्झॉस्ट मात्र दोन्हीकडे चालूच राहिला पाहिजे. गारवा टिकावा म्हणून एक्झॉस्ट बंद करणारे लोक आहेत. तो धूर रोज फुप्फुसात जातो, आणि कामगाराच्या आरोग्यापुढे गारव्याची किंमत काहीच नाही.

मग एसी कधीच नको?

हवा, पण खोलीला; शेडला नाही. शेडच्या एका कोपऱ्यात १० बाय १२ ची बंद खोली करा. भिंती पफच्या किंवा दुहेरी प्लायच्या, वर रॉकवूल टाकलेलं खोटं छत, दार आपोआप मिटणारं. एवढ्या जागेला एक ते दीड टन पुरतो.

या खोलीत काय ठेवायचं? पहिलं, मोजमाप. जगभर मापांचं प्रमाण तापमान २० अंश मानतात. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ११-१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. १०० मिलिमीटरचा जॉब ३८ अंशांवर मोजला तर तो २० अंशांपेक्षा २० मायक्रॉन मोठा भरतो. ॲल्युमिनियम असेल तर त्याच्या दुप्पट. मोठ्या कंपन्यांसाठी जॉबवर्क करणाऱ्याला हा फरक परवडत नाही. दुपारी पास झालेला जॉब त्यांच्या थंड तपासणी खोलीत नापास होतो आणि दोष मशिनवर जातो. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही त्या खोलीत काही तास निवू द्या, मग मोजा. दुसरं, गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक निदान, लॅपटॉप, बारीक असेंब्ली. तिसरं, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ऐन दुपारी कामगारांना पंधरा-वीस मिनिटं टेकायला एक गार जागा. उष्माघात अचानक येत नाही, तो चढत जातो; मधली विश्रांती त्याची चढण मोडते.

एसीचं बाहेरचं युनिट तापलेल्या पत्र्यावर ठेवू नका. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते. पत्र्यालगतची हवा ५० अंशांवर गेली की तोच दीड टन दीड टनाचं काम करत नाही आणि वीज मात्र जास्त खातो. उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, मोकळ्या हवेत लावा. लाकडाचा भुसा किंवा ग्राइंडिंगची धूळ असलेल्या जागी एसी लावायचाच असेल तर जाळी आठवड्याला धुवावी लागेल. आणि स्प्रे पेंटिंगच्या खोलीत घरगुती एसी, साधा पंखा किंवा साधा स्विच यांपैकी काहीही चालत नाही. थिनरची वाफ एका ठिणगीने पेटते. तिथे फक्त ज्वलनशील वाफेसाठी बनवलेला एक्झॉस्टच हवा.

पावसाळ्यात सगळं उलटतं

जुलैमध्ये बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते. तेव्हा कूलर हवा जेमतेम दीड अंशाने उतरवतो आणि ओल मात्र वाढवतो. पहिला चांगला पाऊस झाला की पंप बंद, नुसता पंखा. हे चार महिने गारव्यापेक्षा कोरडेपणाचा प्रश्न असतो. हत्यारांच्या कपाटात सिलिका जेल किंवा मंद बल्ब ठेवला तरी फरक पडतो. सुतारांना माहीत आहे की लॅकर पॉलिश पावसाळ्यात पांढरं पडतं. हवेतला ओलावा त्या थरात अडकतो. अशा वेळी पॉलिश केलेला माल वाळायला हवेशीर, पण कोरडी जागा लागते. हवेतला ओलावा काढणारं यंत्र वाफ निघून गेल्यानंतर, वाळलेल्या मालाच्या साठवणीच्या खोलीत लावावं. ओल्या लॅकरपाशी नाही.

हिवाळा: दोन तासांचा प्रश्न, पण जिवाशी खेळ नको

निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची बातमी दर एक-दोन हिवाळ्यांत वाचतोच. शहरात थंडी थोडी कमी, तरी डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ वाजता लोखंडी पान्याला हात लावायला नको वाटतो. पण दहा-अकराला ऊन चढलं की प्रश्न मिटतो. दोन-तीन तासांसाठी १४ फूट उंचीची शेड गरम करणं म्हणजे पैसे छपराला देणं, कारण गरम हवा वर जाऊन बसते. माणसाला गरम करा. वर्कबेंचच्या वर भिंतीला लावलेला किरणांचा इन्फ्रारेड हीटर थेट अंगाला ऊब देतो. उभं राहायच्या जागी रबरी मॅट किंवा लाकडी पाट टाका. थंडी सिमेंटच्या जमिनीतून पायात चढते. कोपऱ्यातल्या बंद खोलीसाठी गरम-थंड दोन्ही करणारा एसी घेतला असेल तर तो साध्या हीटरपेक्षा त्याच विजेत सुमारे तिप्पट ऊब देतो. तिथेच एपॉक्सी आणि पुट्टीचं कामही करा, दहा अंशांच्या आसपास ही रसायनं धड पकडत नाहीत.

कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये पेटवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणसाला गुंगी आल्याचंही कळत नाही. गॅसचे हीटर त्यापेक्षा बरे वाटतात, पण हवा कमी पडली की तेही हाच वायू सोडतात. शिवाय एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते, आणि ती थंडगार मशिनच्या बेडवर दव होऊन बसते. रात्रभर निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे आतून थेंब गाळतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. गॅसचा हीटर त्यात भर घालतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर असेल तर हे टपकणं जवळपास थांबतं.

गाड्यांच्या गॅरेजला अजून एक धोका आहे. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी दोन्ही हवेपेक्षा जड असतात आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साठतात. त्यामुळे लालबुंद कॉइलचा किंवा ज्योतीचा कुठलाही हीटर जमिनीवर किंवा खड्ड्याजवळ ठेवायचा नाही. पेट्रोलचं काम चालू असेल तर भिंतीवरचाही बंद ठेवायचा.

"शेड भाड्याची आहे, मालक छपराला हात लावू देत नाही"

नाशिकमधले कितीतरी वर्कशॉप भाड्याच्या शेडमध्ये आहेत, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे. अशा वेळी शेडनेट वापरा. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात ते कुठेही मिळतं. ७५ टक्के सावलीचं नेट पत्र्याच्या दीड-दोन फूट वर, पाइपच्या चौकटीवर ताणून बांधलं तर बरंचसं ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नाही आणि मधून वारा खेळतो. जागा सोडताना चौकट उचलून नेता येते. पश्चिमेच्या भिंतीलाही असाच पडदा लावता येतो. डक्ट कूलरही आपल्यासोबत नेता येतो, पफची खोली नट-बोल्टवर उभी केली असेल तर तीसुद्धा.

कूलर किंवा एसी वाढवण्याआधी महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघून घ्या. वेल्डिंग मशिन, कॉम्प्रेसर आणि एसी एकाच वेळी सुरू झाले की जुन्या वायरिंगवर काय होतं ते मे महिन्यात कळण्यापेक्षा फेब्रुवारीत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेलं बरं. आणि शेडनेट बांधताना चौकटीच्या टोकांना जाड वायरचे ताण द्या: मेच्या शेवटी वळीव येतो तेव्हा त्या नेटमध्ये भरलेला वारा चौकटीसकट पत्राही उचलू शकतो. वळवाचा इशारा आला की दोन माणसांना दहा मिनिटांत गुंडाळता येईल अशीच गाठ मारून ठेवा.